बारा अक्षरांचं परिपत्रक

रुग्णालयातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईला सगळे वायरवाली म्हणत. तिची सासू तिथेच मेट्रन होती, म्हणजे सगळ्या नर्सांच्या डोक्यावरची नर्स. घरी असो की कामावर, काही बिघडलं की पहिला संशय वायरवालीवर.

त्या सोमवारी अधीक्षकांनी परिपत्रक काढलं. सुरक्षेसाठी प्रत्येकानं पासवर्ड बदलावा, नवा किमान बारा अक्षरांचा असावा. लोकांनी मुकाट्यानं बदलले. रुग्णालयात सर्व्हर दोन होते. नव्यावर हजेरी आणि सुट्ट्या, जुन्यावर रुग्णांचे रिपोर्ट आणि एक्स-रे. नव्यावर पासवर्ड बदलला की तो आपसूक जुन्यावर जायचा. या वेळी गेला नाही, आणि आधीचा तर रद्द झाला होता. डॉक्टर नव्यात सुखानं शिरायचे आणि जुन्याच्या दारात अडकायचे. बुधवारपर्यंत साठ जण बाहेर होते. स्वतःची सुट्टी सगळ्यांना दिसत होती, रुग्णाचं हाड कुणालाच दिसत नव्हतं.

अधीक्षकांनी निदान करून टाकलं होतं की लोकांना धड टाइप करता येत नाही.

वायरवालीनं आधी दोन्ही सर्व्हरची घड्याळं पाहिली. वेळ जुळत नसेल तर असली यंत्रं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, आणि जुना सात मिनिटं मागे होता. तिनं त्याची वेळ लावली. साठच्या साठ बाहेरच. मग मधली केबल बदलली, जोडणी बंद करून पुन्हा चालू केली. जुना ढिम्म. शेवटी एक्स-रे विभागामागच्या थंडगार खोलीत बसून तिनं जुन्यानं काय काय नाकारलं त्याची यादी उघडली.

यादीत नावापुढे अख्खा पासवर्ड होता, उघडावाघडा. जुन्या काळचं यंत्र, त्याला लाज कसली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं सगळं अस्सल मराठी. क्ष-किरणवाल्याचा होता ‘साहेबघोरतात’. भूलतज्ज्ञाचा ‘मीचझोपलोयइथे’. वायरवाली अक्षरं मोजत खाली सरकत होती. परिपत्रकाप्रमाणे एकही बाराच्या आतला नव्हता. तिनं स्वतःसाठी एकेक अक्षर कमी करत पाहिलं, तेव्हा आठ अक्षरांचा जुन्यानं घेतला. पुन्हा नऊ केली, तोंडावर फेकला. दोष सापडला. म्हणजे साठ जणांचं काहीच चुकलं नव्हतं, चुकलं होतं ते परिपत्रक.

आता यादी मिटायला हरकत नव्हती, पण नजर मेट्रनच्या नावावर गेलीच. ‘सुनेचाचहापांचट’.

पाच वर्षं रोज पहाटे सासूच्या ड्यूटीआधी उठून ती चहा ठेवत होती. रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. तो तिनं वर नेला, अधीक्षकांच्या खोलीत.

अधीक्षक वाटच बघत होते. त्यांना नाकारलेल्यांची यादी हवी होती, तीही छापून, फलकावर लावायला. म्हणजे कोण चुकतंय ते सगळ्यांना कळेल.

“साहेब, यादीत तुमचंही नाव आहे.”

आपण चुकत नसतो, असं ते म्हणाले. वायरवालीनं सांगितलं की कुणीच चुकलेलं नाही, जुना सर्व्हर आठच अक्षरं घेतो. “आणि यादीत नुसती नावं नाहीत. ज्यानं जे टाइप केलं ते सगळं आहे.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून स्वतःच्या हातानं दार लावून आले. त्यांचा पासवर्ड होता ‘कधीएकदासुटतोय’.

“तुम्ही वाचलंत?” त्यांनी हळूच विचारलं.

“तपासायला वाचावं लागलं.”

“मग पुसून टाका. आत्ताच.”

पुसते म्हणाली, पण आधी आठ अक्षरांचं नवं परिपत्रक द्या. तीन दिवस कुणाचं न ऐकणाऱ्या माणसानं ते उभ्याउभ्याच लिहून दिलं. तिनं यादी पुसली, आणि जुन्यानं यापुढे पासवर्ड लिहून ठेवू नयेत अशी सोयही केली.

दुपारी लोक रांगेनं पासवर्ड बदलायला आले. मेट्रन सगळ्यात शेवटी आली.

“आई, या वेळी आठच अक्षरं,” वायरवाली पडद्याकडे बघत म्हणाली. “चहा मावणार नाही त्यात.”

मेट्रनचा हात कीबोर्डवर थांबला. हजारो लोकांना सुया टोचताना कधी न हललेला चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“पाच वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग तुमचा तुम्ही करून घ्या.” मेट्रन खुर्चीवर टेकली. “पहाटे माझ्यासाठी कुणीतरी उठतं, तेवढंच मला हवं होतं. पांचट तर पांचट.”

वायरवालीचा राग पुरता गेला नव्हता, पण त्याला बसायला जागा उरली नव्हती. पावडर किती घालू तेवढं सांगा, असं ती पुटपुटली. दोन चमचे, मेट्रन म्हणाली, आणि उकळू दे जरा, नुसती विसळू नकोस. मग एका हातानं कीबोर्ड झाकून तिनं दुसऱ्या हाताच्या एका बोटानं आठ अक्षरं टाइप केली. जुन्यानं पहिल्या फटक्यात आत घेतलं.

मेट्रन वॉर्डात गेली आणि अडकलेले रिपोर्ट एकेक करून उघडत डॉक्टरांना दाखवत सुटली. अकरा नंबरच्या खाटेवरचा माणूस सोमवारपासून पाय टांगून पडला होता. एक्स-रे उघडला तर त्याचं हाड मोडलंच नव्हतं, पाय नुसता मुरगळला होता. हे ऐकून तो सगळ्यांवर भडकला, आणि आता चालत घरी जावं लागणार म्हणून आणखीच भडकला.