ओळीतली शेवटची

"...आणि आमच्या बाईंनी कधी कोणावर हात उगारला नाही," मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली आणि मी दचकले.

दचकले, कारण ते वाक्य कागदावर नव्हतं. सकाळीच मी ते काढायला लावलं होतं. माझ्या निरोपाचं मानपत्र तिसरीच्या बाईंनी लिहिलं होतं. त्यांना वाटलं असेल, जाता जाता म्हातारीला खूश करावं. पण अहो, चौतीस वर्षं पहिली-दुसरी सांभाळलेली बाई मी, हात उगारला नाही म्हणे! समोर बसलेले निम्मे पालक माझ्याच हातचे, तिथल्या तिथे फिसकन हसले असते. मी म्हटलं, हे धादांत खोटं आहे, काढा. बिचाऱ्यांनी मुकाट्याने नवा कागद छापून आणला. तोच आता मुलीच्या हातात होता आणि त्याची दुसरी प्रत माझ्या हातात.

आपल्याच निरोपाच्या तालमीला आपण बसू नये, एवढं मला कळतं. पण दुसऱ्याने घेतलेली तालीम मला आजवर कधी पटलेली नाही.

"थांब," मी म्हटलं. "कुठे वाचलंस ते?"

"इथे, बाई." तिने बोट ठेवलं. बोटाखाली शब्द होता 'फळा'.

तिसरीच्या बाई हसल्या. "पाठ झालंय हो तिचं. हुशार आहे."

हुशार तर होतीच. आमच्या दुसरीची रेडिओ. नाव मीच ठेवलेलं. स्पष्ट उच्चार, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं अचूक. पाहुणे आले की मी हिलाच उभी करायची. पण आता मी तिच्या तोंडाकडे न बघता बोटाकडे बघायला लागले. बोट एका शब्दावर, तोंड भलत्याच शब्दावर. ओळ संपायच्या आत बोट खालच्या ओळीवर उतरत होतं.

"तुम्ही जरा खुर्च्यांचं बघा," मी तिसरीच्या बाईंना म्हटलं. त्या गेल्यावर दार लोटून घेतलं आणि फळ्यावर 'घर' लिहिलं. "वाच."

तिने फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, चित्र कुठेय?"

"चित्र नाही. नुसतं वाच."

मी 'आई' लिहिलं, 'नळ' लिहिलं. ती एकटक माझ्या ओठांकडे बघत होती.

"तुम्ही आधी म्हणा ना," ती हळूच म्हणाली.

"मग पुस्तक कसं वाचतेस गं?"

"माझ्या आधी सगळे वाचतात ना."

मी पोरांच्या बुटक्या बाकावर बसले.

ओळीने वाचन ही माझी पद्धत. सगळ्या शाळेत गाजलेली. पहिल्या पोराने धडा वाचायचा, मग दुसऱ्याने तोच, मग तिसऱ्याने, असं करत शेवटपर्यंत. आणि शेवटची जागा मी नेहमी गोड आवाजाच्या पोराला द्यायची, म्हणजे तास छान संपतो. बावीस पोरं वर्गात. हिची पाळी येईपर्यंत धडा एकवीस वेळा कानावर पडलेला. एकवीस वेळा ऐकून भिंतीलाही पाठ झाला असता! चूक करत अडखळणाऱ्यांच्या मी हात धुवून मागे लागले आणि न अडखळणारीला शाबासकी देत राहिले.

चौतीस वर्षं. दरवर्षी एक शेवटची जागा. मी चेहरे आठवायला लागले आणि लगेच थांबले.

"बाई, मी चुकणार नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "ते हात उगारलाचं वाक्य गाळते. सगळ्यांसमोर नका ना सांगू."

"सगळ्यांसमोर नाही सांगणार."

"शप्पथ?"

"शप्पथ."

दोन वाजले होते. तीनला कार्यक्रम आणि पाचला माझी नोकरी संपणार.

मी तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, माझ्याच शेजारच्या वर्गात खडू धरायला शिकलेल्या. टेबलावर दुसरीचं वाचन पत्रक होतं. प्रत्येक मुलाच्या नावापुढे शेरा, आणि तळाशी गेल्याच आठवड्यात केलेली माझी झोकदार सही. रेडिओच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'अस्खलित वाचते'.

"हा शेरा चुकलाय. बदलायचाय."

त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. "आज नको हो, बाई. शिक्षण खात्याचे साहेब आज स्टेजवरून जाहीर करणार आहेत, दुसरीच्या सगळ्या मुलांना वाचता येतं म्हणून. तुमचाच मान आहे तो."

"माझा मान खड्ड्यात गेला. पोरगी तिसरीत जाईल. तिसरीत अक्षरं कोण शिकवतं?"

"तिसरीच्या बाईंना मी सांगते की तोंडी."

"तोंडी सांगून जादा तास मिळतो का? पत्रकावर शेरा असेल तरच मिळतो. तुम्हाला माहितीये, मला माहितीये. तिसरीत दोन तुकड्या एकत्र होतात; तिथल्या बावन्न पोरांत ती आणखी दोन वर्षं पोपटपंची करेल, आणि मग धडे लांब झाले की एक दिवस शाळा सोडून देईल."

त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही उद्यापासून घरी. मला इथेच राहायचंय, बाई." आणि पुढे कोरडेपणाने नियम सांगितला. शेरा बदलायचा तर वर्गशिक्षिकेची सही हवी आणि पालकाचीही. पाचला पत्रकं साहेबांच्या गाडीतून जाणार. उद्या मी वर्गशिक्षिका नाही.

"आई येणारे कार्यक्रमाला," मी म्हटलं.

"बघा मग. पण स्टेजवर काही काढू नका. हात जोडते."

कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. साहेबांची गाडीच आली नाही वेळेवर. मला खुर्चीत बसवलं, हातात फुलांचा गुच्छ दिला, आणि एकामागून एक लोक उठून मी किती थोर आहे ते सांगायला लागले. एरवी मला आवडलं असतं, खोटं कशाला बोलू? पण माझं सगळं लक्ष समोरच्या घड्याळावर. चार वाजून गेले तरी भाषणं आटपेनात.

मग रेडिओ उठली. कागद धरला, बोट ठेवलं आणि एका दमात सगळं म्हणाली. हात उगारलाचं वाक्य बरोबर गाळलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेत तिची आई उभी होती, लाँड्रीत इस्त्रीचं काम करणारी, कामावरून तशीच आलेली. टाळ्या थांबल्या तरी तिचे हात थांबत नव्हते.

साहेब खूश झाले. "वा! अशी मुलं तयार करणाऱ्या बाई आता मिळायच्या नाहीत." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "बेटा, माझं भाषण आता तूच वाचून दाखव बरं. मोठ्याने."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. कागद तिच्या हातात आला होता आणि त्यावर एकही चित्र नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. गुच्छ खाली पडला, पडू दिला. "साहेब, आज निरोप माझा आहे. परीक्षा घ्यायची तर माझी घ्या," असं म्हणत मी तिच्या हातातून कागद काढून घेतला. लोक हसले. साहेबही हसले. मी मोठ्याने वाचायला लागले. स्वतःचीच स्तुती स्वतःच्याच तोंडाने! 'आदर्श शिक्षिका', 'ज्ञानाचा अखंड झरा', सगळं वाचलं, लाज गुंडाळून ठेवून. शेवटची ओळ समोर आली: 'यांच्या वर्गातून वाचता न येणारे एकही मूल कधी बाहेर पडले नाही.' मी कागदाची घडी घातली.

"एवढंच आहे," मी म्हटलं.

"एक ओळ राहिली, बाई," साहेब म्हणाले.

"ती ओळ खरी नाही, साहेब."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. रेडिओ माझ्या पदराचं टोक धरून उभी होती.

"माझं पत्रक अजून पुरं व्हायचंय," मी म्हटलं. "माझ्याकडून चूक झालीये. पाचच्या आत दुरुस्त करून देते. तोवर काही जाहीर करू नका."

"आज तरी पत्रकं राहू द्या," असं काहीतरी साहेब पुटपुटले. मी थांबले नाही. मोठ्या बाईंसमोर जाऊन हात पुढे केला. मांडीवरच्या फायलीतून त्यांनी पत्रक काढून दिलं. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

आईला आणि पोरीला घेऊन मी वर्गात आले. साडेचार होऊन गेले होते. बाहेर साहेबांचा ड्रायव्हर गाडी वळवून उभी करत होता.

आडवळणाने बोलायला वेळ नव्हता. "तुमच्या मुलीला वाचता येत नाही," मी म्हटलं. "ऐकून पाठ करते. दोन वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. चूक तिची नाही."

आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली. "असं कसं, बाई? रोज मला वाचून दाखवते की."

"अहो, मग मी चिठ्ठ्या लिहून लिहून थकले, त्यांचं काय?" माझा आवाज चढलाच. पोरांच्या शर्टाला टाचणीने चिठ्ठी लावून पाठवायची माझी सवय. त्यावरून पोरं मला मागे टाचणीबाई म्हणतात, मला ठाऊक आहे. "घरी वाचन घ्या, भेटायला या, सगळ्याच पालकांना दहा वेळा लिहिलं. एकदा तरी आलात?"

"त्या चिठ्ठ्या? त्या तर हीच वाचून दाखवते मला. सगळ्यांत कौतुकच असतं हिचं."

रेडिओने मान खाली घातली. तसल्या वेळीही मला हसू फुटणार होतं. काय काय रचून सांगितलं असेल कार्टीने! मग मी आईकडे वळले.

"तुम्ही स्वतः नाही वाचलीत एकही?"

तिने फळ्याकडे बघितलं. दुपारचे माझे तीन शब्द तिथे तसेच होते. तिची नजर त्यांच्यावरून फिरली आणि कुठेच थांबली नाही.

"मी इथेच होते, बाई," ती म्हणाली. "तुमच्याच वर्गात. तेवीस वर्षं झाली. तुम्हाला आठवत नसेल. माझा आवाज चांगला होता."

कुठे बसायचीस, हे मी विचारलं नाही.

माफी मागायचं मनात आलं. पण तेवीस वर्षांची माफी पंधरा मिनिटांत कशी मागतात ते मला माहीत नाही, आणि बाहेर हॉर्न वाजला. मी 'अस्खलित वाचते' यावर रेघ मारली आणि शेजारी नवा शेरा लिहिला. पत्रक तिच्यापुढे सरकवलं.

"इथे सही कर," मी म्हटलं. तिला अहो-जाहो करायचं राहून गेलं होतं, ते माझ्याही नंतर लक्षात आलं.

ती बुटक्या बाकावर नीट बसली, कागद सरळ केला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. अक्षर सुरेख होतं. गोल, टपोरं, वरची रेघ अगदी शेवटी एका फटक्यात ओढलेली. हे वळण माझं. चौतीस वर्षं मी पोरांची बोटं धरून हेच गिरवून घेतलं आहे. तिने नाव चित्रासारखं जपून ठेवलं होतं.

"वर काय लिहिलंय, बाई?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. "'वाचता येत नाही. रोज जादा तास द्यावा.'"

तिने मुलीकडे पाहिलं, मग त्या शेऱ्याकडे. "हे तिचं का माझं?"

"माझं," मी म्हटलं आणि तिच्या सहीखाली सही केली.