पाठमोऱ्या बाई

सहा-सात वर्षांच्या पोरांना कवायत शिकवायची असेल तर त्यांच्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं. ज्यांनी कधी हे काम केलं नाही त्यांना हे पटत नाही. शिकवणाऱ्याने कसं मुलांकडे तोंड करून शिकवावं, असं त्यांचं म्हणणं. बरं, करून बघा म्हणावं. तुम्ही समोर उभं राहून उजवा हात वर केलात की अर्धी पोरं डावा वर करतात, काही दोन्ही करतात आणि उरलेली शेजारच्याचा हात धरून वर करतात. म्हणून त्या शाळेतल्या खेळाच्या बाई पहिल्यापासून पाठमोऱ्याच उभ्या राहायच्या. "मी करते तसं करा," एवढं सांगायचं आणि सुरू व्हायचं. त्यांचा उजवा तोच पोरांचा उजवा, प्रश्न मिटला.

नोकरीला लागल्या तेव्हा बाईंच्या अंगात वारं भरलेलं असायचं. आता ते दिवस गेले. उजवा गुडघा आधी नुसता कुरकुरायचा, मग ठणकायला लागला, आणि अलीकडे तर उकिडवं बसलं की परत उठायचं म्हणजे संकटच. त्यावर बाईंनी आपल्यापुरती युक्ती काढली होती. उजवा हात गुडघ्यावर रोवायचा, डावा हवेत भिंत शोधल्यासारखा धरायचा, ढुंगण आधी वर काढायचं, अर्ध्यावर थांबून "हुश्श" करायचं आणि मग राहिलेलं उठायचं. दिसायला काही बरं दिसत नव्हतं, पण बघायला होतं कोण? मोठी माणसं मैदानाकडे फिरकत नसत, आणि पोरांचं काय, ती तर पोरंच.

घरी नवऱ्यापासून मात्र लपवता येत नव्हतं. तो शिंपी. दिवसभर मशीनवर वाकून लोकांच्या पँटी आखूड करायचा आणि संध्याकाळी स्वतः सरळ व्हायला धडपडायचा. त्याने पँटीच्या कमरेचं इलॅस्टिक कापून बाईंना गुडघ्याला घालायचा पट्टा शिवून दिला होता. तो म्हणायचा, मी बसून बसून मोडलो आणि तू उठून उठून, आपल्या दोघांत मिळून एक धड माणूस निघायला हरकत नाही. डॉक्टरांनी उकिडवं बसायचंच नाही असं बजावलं होतं, त्यालाही आता बरेच महिने झाले. शाळेत सांगून टाक आणि ऑफिसात खुर्चीचं काम माग, असा त्याचा रोजचा धोशा असे. बाई हो म्हणायच्या, पट्टा चढवायच्या, वरून सैल पँट घालायच्या आणि शिट्टी गळ्यात अडकवून बाहेर पडायच्या.

अशात एक दिवस मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. माणूस वाईट नव्हतं, पण त्यांच्या मागे शंभर लचांडं. दुसरीच्या मुलांचं गणित कच्चं निघालं होतं, आईबाप येऊन गणिताबद्दल भांडत होते आणि मैदानाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. दुसरीला आठवड्यात मैदानाचे दोन तास होते. ते दोन्ही गणिताला द्यावेत असं मोठ्या बाईंच्या मनात होतं. तरी त्यांनी एक संधी ठेवली. शनिवारी आईबापांना बोलवायचं, मुलांनी कवायत करून दाखवायची. मुलं काहीतरी शिकली आहेत असं दिसलं तर तास राहतील, नाहीतर गेले. मग त्यांनी बाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तब्येत ठणठणीत आहे ना, असं विचारलं. कारण बाईंच्या जागी दुसरं माणूस मिळणार नव्हतं. बाई थांबल्या की मैदान थांबलं, हे सरळच होतं.

"ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी जाताना जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या असताना बाईंच्या मनात आलं, जाऊ देत की ते तास. एकदाचं सुटेल सगळं. ऑफिसात बसावं, कागदांना शिक्के मारावेत, बाराच्या उन्हात घसा फोडत उभं राहायला नको. त्या इतक्या दमल्या होत्या की दम खाऊनही शीण जात नव्हता. पण लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. ही पोरं सकाळी बाकावर बसतात, दुपारी शिकवणीच्या चटईवर बसतात, संध्याकाळी टीव्हीपुढे बसतात. घरात जरा उडी मारली की खालच्या मजल्यावरचे वर येतात. त्यांना 'पळ' म्हणणारं अख्ख्या आठवड्यात एकच माणूस होतं आणि त्याचा गुडघा गेला होता. बाईंनी दात आवळून उरलेला जिना चढला आणि दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू केली.

शनिवारी सकाळी वर्गातली बाकं ओढून मैदानाच्या कडेला मांडली होती. आईबाप त्यावर गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे बसले होते, कारण बाकं लहानांची. मोठ्या बाईंनी खेळाच्या बाईंना आपल्या शेजारी उभं केलं. पाहुण्यांकडे पाठ करून उभं राहणं बरं दिसत नाही, तुम्ही इथूनच शिट्टी वाजवा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई पोरांच्या समोर उभ्या होत्या.

सुरुवात झकास झाली. हात वर, हात बाजूला, कमरेत वाक. ओळी अशा सरळ की बाईंचं त्यांनाच खरं वाटेना. एक बाप फोनवर चित्रण करायला लागला. मोठ्या बाई मान डोलावत होत्या. बाईंच्या जिवात जीव आला आणि त्यांनी बसायची शिट्टी दिली. सगळी पोरं झपकन उकिडवी बसली. मग त्यांनी उठायची शिट्टी दिली.

आणि सगळ्या पोरांनी उजवा हात गुडघ्यावर रोवला. डावा हात हवेत भिंत शोधायला लागला. ढुंगणं आधी वर आली. अर्ध्यावर सगळी थांबली, सगळ्या मैदानाने एका तालात "हुश्श" केलं, आणि मग पोरं सावकाश, कण्हत उभी राहिली.

बाईंना क्षणभर कळलंच नाही की काय चाललंय. मग कळलं. आपण उठताना कशा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता ते एकदम सगळ्या ओळींत दिसत होतं. पोरांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. पुढच्या ओळीतला एक जण जरा घाईने उठला तर शेजारणीने त्याला परत खाली दाबून आधी हुश्श करायला लावलं. बाई म्हणाल्या होत्या, मी करते तसं करा. पोरांनी केलं होतं. त्यांचा यात काय दोष?

बाकांवर जो हशा उसळला तो थांबेचना. एका आईने डोळे पुसत पुसत म्हटलं की अगदी माझ्या सासूबाई उठतात तशी नक्कल केलीय हो. मग टाळ्या पडल्या. मोठ्या बाईसुद्धा हसत होत्या, आणि त्यांना हसताना शाळेने फारसं पाहिलं नव्हतं. त्यांनी बाईंच्या दंडाला हात लावून विचारलं की ही नकलेची कल्पना तुमचीच ना. असं काहीतरी असेल तर मैदानाच्या तासाला कोण नाही म्हणेल, असंही म्हणाल्या. म्हणजे तास वाचले होते. बाईंनी नुसती मान हलवायची होती.

त्या मान हलवणारच होत्या. तेवढ्यात तो चित्रण करणारा बाप पुढे आला. मनावरचं ओझं उतरल्यासारखा हसत होता. तो सांगायला लागला की आमचा मुलगा घरीही असाच उठतो, अंथरुणातूनसुद्धा. आम्ही घाबरलो, पाय दुखतो का विचारलं तर म्हणे, नाही, उठायचं असंच असतं. दोन डॉक्टर झाले, पायाचा एक्स-रे काढून झाला, काही निघालं नाही. आज कळलं, ही नक्कल आहे. बरं झालं बाई, तो म्हणाला, आता आम्ही लक्षच देणार नाही.

  मोठ्या बाई उत्तराची वाट बघत होत्या, पोरं पुढच्या शिट्टीची वाट बघत होती.

"नक्कल नाही ती," बाई म्हणाल्या. "माझा गुडघा गेलाय. मी अशी उठते. मुलं मला बघून शिकली. त्यांना वाटतं, उठायचं असंच असतं."

बाकांवरचं हसू हळूहळू मावळलं. मोठ्या बाईंनी दंडावरचा हात काढून घेतला. कधीपासून, असं त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. दोन वर्षं होत आली, बाई म्हणाल्या.

"आणि मला ठणठणीत म्हणालात."

"म्हणाले."

पुढे काय बोलणं होणार हे बाईंना माहीत होतं. ते ऐकून घ्यायची तयारीही होती. फक्त त्याआधी पाच-दहा मिनिटं द्या, एवढंच त्यांनी मागितलं. या पोरांना असं म्हातारं करून मला घरी नाही पाठवायचं, असं त्या म्हणाल्या आणि परवानगीची वाट न बघता ओळींपुढे गेल्या.

त्यांनी पोरांना समजावून सांगितलं की हात गुडघ्याला लावायचा नाही, मध्ये थांबायचं नाही, सरळ उठायचं. पोरांनी माना डोलावल्या. शिट्टी वाजली. हात गुडघ्यावर, हुश्श. परत सांगितलं. परत हुश्श. शेवटी पुढच्या ओळीतून आवाज आला की बाई, तुम्ही करून दाखवा ना. बाकीच्यांनीही तेच म्हटलं, आणि सगळी पोरं बाई पाठ फिरवतील म्हणून थांबून राहिली. बाईंनी खरंच पाठ फिरवली. खाली बसायला गेल्याही. पट्ट्याच्या आत गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता बसलो तर उठणार नाही हे त्यांना कळून चुकलं. त्या तशाच अर्धवट वाकून उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं हताश त्यांना वाटलं.

मग त्या पोरांकडे वळल्या, तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात काहीतरी टुणकन वर आलं.  ती तंद्री होती. हे नाव तिला सगळ्या वर्गाने ठेवलं होतं, कारण ती कधी समोर बघायचीच नाही. मुंग्या बघायची, विमान बघायची, बुटाची नाडी चघळायची. सगळे बसून उठले की मग तिला आठवायचं आणि मग ती बसून उठायची. आत्ताही ती सगळ्यांच्या मागून उठली होती. हात गुडघ्याला न लावता, एका दमात. अख्ख्या वर्गात एकाच मुलीने दोन वर्षं बाईंकडे लक्ष दिलं नव्हतं आणि तेवढीच एक धड उठत होती. आता काय म्हणायचं याला.

बाईंनी तिला पुढे बोलावलं. आपल्याला ओरडा बसणार म्हणून ती आधीच रडवेली झाली होती. बाईंनी तिला आपल्या जागेवर, पोरांकडे पाठ करून उभं केलं, कपाळावरचे केस मागे सारले आणि तुला जमतं तसंच कर म्हणून सांगितलं. मग त्या बाजूला झाल्या.

"आता हिच्याकडे बघा," त्या वर्गाला म्हणाल्या. "ही करते तसं करा."

पहिल्या वेळी बरेच हात गुडघ्यांकडे गेले. दुसऱ्या वेळी थोडे. त्यानंतर एकही नाही. पोरं बसत होती आणि उठत होती, उठताना उडी मारत होती, आणि त्यांना ते इतकं आवडलं की शिट्टीशिवायच चालू राहिलं. त्या बापाने फोन खिशात ठेवला होता. तो नुसता आपल्या मुलाकडे बघत होता. दोन वर्षांचं वळण पोरांनी बघता बघता पुसून टाकलं होतं. बाईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि आत कुठेतरी लागलंही. एकाही पोराने मान वळवून बाईंकडे पाहिलं नव्हतं.

मोठ्या बाई मघाशीच तिथून निघून गेल्या होत्या. रागावून गेल्या असणार, असं बाई धरून चालल्या होत्या. पण त्या परत आल्या त्या ऑफिसातली खुर्ची स्वतः उचलून. ती त्यांनी मैदानाच्या कडेला सावलीत टेकवली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं की एक तास गणिताला जाईल, त्यात आता बदल नाही. दुसरा राहील. तो तुम्ही घ्यायचा, पण बसून. आणि पुढे ती मुलगी उभी करा, नाहीतर दुसरं कुणी, दर वेळी वेगळं करा.

अर्धं मैदान गेलं होतं. एरवी बाई भांडल्या असत्या, निदान तोंड तरी वाजवलं असतं. आज अंगात तेवढंही त्राण नव्हतं. पोरांसमोर त्या कधी खुर्चीत बसल्या नव्हत्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, हात गुडघ्यावर रोवला, हळूच खाली झाल्या आणि टेकल्यावर मोठ्याने हुश्श केलं.

उड्या थांबल्या होत्या. सगळी पोरं वळून, अगदी मन लावून त्यांच्याकडे बघत होती. दोघा-तिघांचे हात गुडघ्यांकडे निघालेही होते.

"बाई, हे पण करायचं?" पुढच्या ओळीतल्या मुलीने विचारलं.

"नाही गं बाळा," बाई म्हणाल्या. "हे माझं एकटीचं आहे. तुम्ही पळा."