साहेबांची शांत खोली

आमच्या धुलाई कारखान्याचे साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि आमचे ग्रह फिरले. 'नेता टिकला तर संस्था टिकते,' असं तिथं त्यांना शिकवलं म्हणे. आल्या आल्या त्यांनी बायकांची विश्रांतीची खोली गादी-पंख्यासकट ताब्यात घेतली. ती झाली शांत खोली. आम्ही इस्त्रीच्या टेबलावर डबे खायला लागलो.

मग नियम आले. जेवणानंतर वाईट बातमी सांगायची नाही, साहेबांच्या पचनावर परिणाम होतो. दुपारी बॉयलर बंद पडला, तर तो उद्या सकाळी पडला असं धरायचं. कारखान्याचा फोन वाजला की त्यांच्या छातीत धडधडायचं, म्हणून तो माझ्या गळ्यात मारला. मी मुकादम. गाडी कधी सोडायची, कुणाचे कपडे आधी, सगळं मीच बघायचं. चादरी उशिरा पोचल्या की इस्पितळांच्या शिव्या मी खायच्या आणि शांती साहेबांना.

अशात आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. मी एका दिवसाची रजा मागितली, तीही सकाळी, नियमात बसून.

"तू माझा आधार आहेस," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "तू गेलीस तर माझं संतुलन बिघडेल."

"आणि आईचं काय?"

"त्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांग."

असा संताप आला म्हणून सांगू. चुलीत गेलं तुझं संतुलन, मनात म्हटलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच शांत खोलीत शिरले. साहेब कानात कापूस घालून घोरत होते. याला ते ध्यान म्हणतात. फोन त्यांच्या उशाशी ठेवला आणि तडक इस्पितळ गाठलं.

आई उपाशीपोटी तयार होऊन पडली होती. "दिली का गं सुट्टी त्यांनी?"

"निघाले ते सांगितलंच नाही. मनःशांती भंगली असती."

आई खुदकन हसली. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच हसली बिचारी. मला इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात नर्स आली. ऑपरेशन थांबलंय म्हणाली, धुतलेल्या चादरीच आल्या नाहीत. "धुलाईवाल्यांची गाडी निघालीच नाही. मघापासून फोन लावतोय, नुसता वाजतोय. कुणी उचलेल तर शपथ."

ती गेल्यावर आईनं माझ्याकडे बघितलं. "कुठले गं हे धुलाईवाले?"

"आमचेच."

आईनं धरलेला माझा हात सोडला.

"जा बाई," ती म्हणाली. "गाडी सोडून ये."