आणखी पंधरा मिनिटं

कोलशेतच्या रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या श्रीपादच्या मोबाइलवर रोज दुपारी चारला डोंबिवलीच्या घरून मागणी येई : 'ऋजुताला आणखी पंधरा मिनिटं हवी आहेत.' नववीतल्या मुलीचे गुण घसरले, तेव्हा त्याने तिच्या फोनला कुलूप घातले होते. दिवसाला एक तास. त्यापुढे बापाची परवानगी. श्रीपाद 'नाही' दाबायचा आणि नमुने तपासायला वळायचा. हेमाने, त्याच्या बायकोने, दोनदा लेकीची रदबदली केली. तीही त्याने उडवून लावली.

गेले तीन आठवडे मागणी आली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत त्याने हे कौतुकाने सांगितले.

"हक्काचा तासही वापरत नाही आता. मोडली सवय!"

समोर डबा उघडणारा पोपट, मिश्रणयंत्रावरचा जुना कामगार, हसला. "नशीबवान आहात साहेब. आमचा सूरज 'नाही' म्हटलं की घर डोक्यावर घेतो. टायफॉइड झालेला, तेव्हाच काय तो मागायचा थांबलेला." मग घास हातातच ठेवून त्याने विचारले, "पोरगी जेवते ना नीट?"

तिच्या ताटात अर्धी पोळी राहायची, हे श्रीपादने पाहिले होते. बारीक होण्याचे खूळ असेल, एवढेच त्याला वाटले होते. त्याने फोनवरचा अहवाल उघडला. काल शून्य मिनिटे. परवाही शून्य. ही शून्ये तो रोज समाधानाने वाचत आला होता.

त्याने कुलूप काढून टाकले. ती शाळेतून घरी यायची वेळ झाली होती, म्हणून तासभर वाट पाहिली. तिचा फोन तसाच पडून होता; अहवालात शून्यच. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो निघाला.

ऋजुता शाळेच्या गणवेशातच भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अगं, कुलूप काढलंय मी. बोल की मैत्रिणींशी."

"कोणाशी? ऐश्वर्या चारला क्लासहून सुटायची, तोवर माझा तास संपलेला असायचा; बोलायचं राहूनच जायचं. मग तिला दुसरी मैत्रीण मिळाली." ती भिंतीशीच बोलत राहिली, "नंतर मलाच काही नकोसं झालं. चित्रं, गाणी, काहीच. सकाळी जाग आली की रडू येतं, बाबा. का, ते कळत नाही."

जिभेवर आलेला उपदेश त्याने गिळला आणि पलंगाशी फरशीवर बसला.

"मला वाटलं, तू सुधारलीस."

"माहितीय. आत्याला फोनवर सांगत होतास."

"चुकलो गं मी."

त्याने तिच्यासमोरच घरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या ओळखीने ठाण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे सहाची वेळ मिळाली.

"तू एकटीच बोल त्यांच्याशी, मी बाहेर बसेन. आईला वाटेत कळवू."

"आत्ताच निघायचं?"

त्या प्रश्नात इच्छा नव्हती, पण नकारही नव्हता. श्रीपाद तेवढ्यावर उठला आणि तिला हात दिला.