ब्रेकमधली हवा

उस्तादांनी सायकल पुन्हा स्टँडवर चढवली आणि कमरेवर हात ठेवून नुसते तिच्याकडे बघत राहिले. अंगात त्राण उरलं नव्हतं. उभी हयात ट्रकच्या गॅरेजात गेली, गल्लीत अजून सगळे उस्तादच म्हणायचे, आणि आता घरी बसल्यावर या काडीपैलवान सायकलीनं त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

सायकल लेकीची. ती इस्पितळात नर्स. पहाटे निघायचं, आणि कोपऱ्यावर वळलं की असा उतार, की ब्रेक लागला नाही तर माणूस थेट चौकातल्या गाड्यांत. दोन्ही ब्रेक तेलावर चालणारे. लिव्हर दाबली की पोकळ लागायची, पार हँडलला टेकायची. तेलात हवा शिरली, दुसरं काय? लेक म्हणालीही होती, "दुकानात टाकते." उस्तादांनी तिला उडवून लावलं.

"मी घरात जिवंत असताना?"

मग त्यांनी वर लिव्हरला सिरिंज लावली, खाली चाकापाशी नळी जोडली आणि बुडबुडे थांबेपर्यंत तेल ढकललं. पॅडही नवे घातले. लिव्हर दगडासारखी टणक झाली. तिच्या झाकणावर 'फक्त मिनरल ऑइल' असं छापलेलं त्यांनी वाचलं होतं बरं का, पण हसण्यावारी नेलं आणि ट्रकचंच ब्रेक ऑइल भरलं. कंपनीचे आपलं तेल खपवायचे धंदे! एवढाल्या ट्रकला जे ब्रेक ऑइल चालतं, ते हिला चालत नाही म्हणजे काय?

काही दिवसांत लिव्हर आळसावली. दाबली की कुरकुरत परत यायची, बुडाशी तेल पाझरायचं. त्यांनी पुन्हा हवा काढली. पुन्हा तेच. लेक घरी आली की ते विचारायचे, "कसा लागतो?" ती म्हणायची, "मस्त, बाबा," आणि जेवता जेवता डुलक्या काढायची. हल्ली ती फारच दमत होती. उस्ताद तिच्या वॉर्डाच्या मोठ्या बाईंना मनातल्या मनात शिव्या घालायचे.

आज त्यांनी लिव्हरच खोलली. आतलं रबर भिजलेल्या हरभऱ्यासारखं फुगून मऊ पडलं होतं. त्यांच्या तेलानंच ते खाल्लं होतं. उस्तादांनी कपाळाला हात लावला. मग निदान पॅड तरी बघावेत म्हणून तेही काढले, आणि त्यांचे हात थांबले. पॅड नवेकोरे होते, झीज अशी नाहीच. रोज त्या उतारावर दाबलेले पॅड असे राहतात होय? हे ब्रेक कुणी दाबलेच नव्हते.

मघाशी कामावरून आलेली लेक अजून पायरीवरच बसली होती, आत्ता कुठं बुटाची नाडी सोडत होती.

"तू चालत जातेस?"

खोटं बोलायचंही तिला जिवावर आलं असावं. "कोपऱ्यापर्यंत चालवते. मग उतरते."

"आणि पुढं इस्पितळापर्यंत ढकलत? येताना पण?"

"हं. म्हणून लवकर उठते."

"मग सायकल न्यायचीच कशाला?"

"तुम्ही खिडकीत उभे असता ना, बाबा."

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीची झोप त्यांनी खाल्ली होती आणि शिव्या मात्र वॉर्डातल्या बाईंना. घसा खाकरून ते म्हणाले, "माझ्या तेलानं रबर गेलं. मला नाही जमलं हे. उद्या दुकानात टाकतो."

"बरं झालं," ती म्हणाली. बोलून गेली, आणि चपापून त्यांच्याकडे बघत राहिली.

एरवी असल्या बोलण्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज रागही येईना. हात पुसत ते तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"उद्या बसनं जा," ते म्हणाले. "जरा उशिरा उठ."

एक बूट तसाच पायात ठेवून, त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून ती झोपली होती.