आजोबांची पहिली ऑर्डर

निंगबोच्या ज्या गोदामात परदेशी माल कस्टमच्या कुलपाआड ग्राहकाची वाट पाहत थांबतो, तिथे फान सूछिन अडलेल्या ऑर्डरी मार्गी लावण्याचे काम करीत असे. त्या दुपारी जर्मन दूधपावडरीच्या सहा डब्यांची एक ऑर्डर तिच्या पडद्यावर लाल होऊन अडली. मागवणाऱ्या श्यू नावाच्या बाईंचा ओळखक्रमांक कस्टमने नाकारला होता. ज्या बाळांना गाईचे दूध सोसत नाही, त्यांच्यासाठीची ती पावडर होती आणि गोदामात तेवढेच सहा डबे उरले होते.

तिने ऑर्डरीवरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"आजोबा, ओळखपत्राचा क्रमांक जरा—"

"आली का चोरटी! मोहल्ला समितीनं बजावलंय, क्रमांक विचारणारा तो लुच्चा!" आणि फोन बंद.

सूछिनला हसू आले. तिच्या वडिलांनी परवाच बँकेच्या मॅनेजरला असेच झाडले होते. तिने पुन्हा फोन लावला.

"क्रमांक मला सांगूच नका, आजोबा. कुणालाच सांगू नका. फक्त सांगा, श्यू बाई कोण?"

पलीकडचा आवाज उतरला.

"माझी बायको. वसंतात गेली. नातीचं दूध तीच मागवायची. डबा संपत आला, म्हणून मी तिच्या फोनवर 'पुन्हा मागवा' दाबलं. चुकलं का काही?"

मागवणारा आणि पैसे भरणारा एकच हयात माणूस लागतो आणि ओळखक्रमांकही त्याचाच, हा नियम सूछिनच्या ओठांवर आला होता. तिने तो गिळला.

"आता तुमच्या फोनवरून, तुमच्या नावानं मागवायचं."

"म्हणजे तिचं नाव पुसायचं?"

"छे! तिच्या फोनमधलं काहीच पुसू नका. जुन्या ऑर्डरी तिच्याच नावावर राहतील."

"मग चालेल."

पण अडलेली ऑर्डर रद्द केल्याशिवाय डबे मोकळे होत नव्हते, आणि मोकळे झाले की देशभरातल्या कितीतरी आया टपलेल्याच होत्या.

"घरचा डबा कधीपर्यंत पुरेल?"

"उद्या दुपारपर्यंत. दुसरं काही पाजलं की पोरीच्या अंगभर चट्टे उठतात."

सूछिनने आधी त्यांच्याकडून त्यांच्या फोनवर नाव, क्रमांक, पत्ता, सगळे भरून घेतले. आजोबा कुरकुरत होते, पण भरत होते.

"आता बोट बटणावर धरा. दाबू नका हं!"

"पोरी, बंदरावर जन्मभर क्रेन चालवलीय मी. हात कधी हलवायचा ते मला नको शिकवूस."

"मग चालवा क्रेन! सोडते… दाबा!"

डबे पडद्यावर दिसले आणि लगेच नाहीसे झाले. ते कुणी उचलले, हे क्षणभर कळेना. मग नवी ऑर्डर उमटली. मागवणारा: छ्यू बाइशुन. बघता बघता ती हिरवी झाली.

"मिळालं का गं?"

"मिळालं, आजोबा. उद्या सकाळी दारात."

आजोबा थोडे घुटमळले. "पार्सलवाला खालूनच ओरडतो, श्यू आजी म्हणून. उद्या काय ओरडेल?"

"छ्यू आजोबा म्हणून."

"ओरडू दे. पण मी जिना उतरेपर्यंत थांब म्हणावं त्याला. तिचे पाय माझ्याहून चपळ होते."

सूछिनने पार्सलवाल्यासाठीच्या सूचनेत लिहिले: आजोबा येत आहेत, थांबावे.