सिस्टरांच्या मुलीची लस

“सिस्टर, खरं सांगा, ह्या सुईनं पोरी बिघडत तर नाहीत ना?”

बारा वर्षांच्या लेकीचं मनगट घट्ट धरून बसलेल्या बाईनं दबक्या आवाजात विचारलं. लसीकरणाच्या खोलीत दर बुधवारी कुणी ना कुणी हे विचारायचंच. सिस्टरांचं उत्तर तोंडपाठ होतं.

“ताई, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कुणी मुद्दाम गंजक्या खिळ्यावर पाय देतं का? ही गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस आहे. पोरींचं वागणं काही सुईतून येत नाही.”

बाईला हसू फुटलं. तिनं सही केली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरांनी अशा किती आयांची समजूत घातली असेल, त्याची मोजदाद नव्हती.

त्याच संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांची सतरा वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, मलाही ती कॅन्सरची, एचपीव्हीची लस दे ना.”

सिस्टरांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

“आत्ताच कशी आठवली तुला?”

“असंच.”

त्या ‘असंच’नं त्यांची झोप उडवली. ह्या कॅन्सरचा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुलगी अकरा वर्षांची होती तेव्हा ‘अजून लहान आहे’, तेराव्या वर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’, मग दहावीचं वर्ष. खरं कारण त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं: लस टोचली की पोर मोठी होणार, कुणाच्या तरी जवळ जाणार, हे कबूल केल्यासारखं होईल.

पुढचे तीन दिवस सिस्टर मुलीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होत्या. ती फोनवर हसली की यांचे कान दाराशी. क्लासहून यायला दहा मिनिटं उशीर झाला की फोनवर फोन. शनिवारी मुलगी न्हायला गेली आणि सिस्टरांनी तिचं दप्तर उपसलं. वह्या, कंगवा, झाकण हरवलेलं पेन. बाकी काही नाही. काही सापडलं नाही म्हणून तर त्या आणखीच घाबरल्या.

“काय शोधतेस?”

ओल्या केसांनी मुलगी दारात उभी होती.

“कोण आहे तो?” सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं.

मुलगी आत येऊन पसरलेल्या वह्या गोळा करू लागली. “क्लासमध्ये माझ्या शेजारी एक मुलगी बसते ना, तिची आई गेली गेल्या महिन्यात. ह्याच कॅन्सरनं. ती मला म्हणाली, तुझं बरं आहे, तुझी आई सिस्टर, तुला लस कधीच दिली असेल. मी हो म्हणाले. खोटं बोलले, आई. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून.”

“अगं, मग आधी सांगायचंस ना...”

“आणि असता कुणी, तर? तर मला लस नको होती का?”

सिस्टरांना खिळ्याचं उत्तर आठवलं.

बुधवारी दोघी दवाखान्यात आल्या. पंधरा वर्षांच्या आत दोन डोसांत भागलं असतं, आता तीन घ्यावे लागणार होते. संमतीच्या कागदावर सिस्टरांनी सही केली. त्यांनी सवयीनं हात धुवायला घेतले.

“तू नको,” मुलगी हळूच म्हणाली. “दुसऱ्या सिस्टर देतील.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं सिस्टरांना वाटलं. त्यांनी हात पुसले आणि त्या खोलीबाहेर पडल्या. बाकावरच्या बायकांनी सरकून जागा दिली. “आज तुम्ही इकडे?” एकीनं विचारलं. सिस्टर मोकळ्या जागेवर बसल्या.

पडद्याआडून दुसऱ्या सिस्टरांचा आवाज आला, “घाबरू नकोस हं. सोबत कोणी आलंय का?”

“आई आहे,” मुलगी म्हणाली. “बाहेर.”